वाचलेलं विसरायला होतं, मग वाचायचं कशाला? आणि तुमचे इतर प्रश्न

या वेळी पत्रं भरपूर आलीत आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळी वाचन, सिनेमा नाहीतर लिहिणं याच्याभोवतीच फिरतायत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचं वाक्य जसंच्या तसं दिसलं नाही तरी प्रश्न तुमचाच आहे असं समजा.

ताई, मी खूप वाचते पण दोन-तीन महिने गेले की पात्रांची नावंसुद्धा आठवत नाहीत. नवरा विचारतो, त्या पुस्तकात होतं काय, तर मला दोन वाक्यांच्या पुढे सांगताच येत नाही. मग एवढं वाचून उपयोग काय?

नावं गेली तर जाऊ द्या हो, नावांसाठी कोण वाचतं. एबिंगहाउस नावाचा एक जर्मन मानसशास्त्रज्ञ होता, त्याने स्वतःवरच प्रयोग केले, काही अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि मग किती वेळाने किती विसरलं ते मोजत बसायचं, १८८५ मध्ये त्याने हे सगळं छापलं. विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात भराभर होतं हे त्याचं म्हणणं सगळे सांगतात, पण त्याच्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. जे विसरल्यासारखं वाटायचं तेच परत पाठ करायला घेतलं की पहिल्या वेळेपेक्षा कमी वेळ लागायचा. म्हणजे वरवर पाटी कोरी दिसत असली तरी आत काहीतरी शिल्लक असतंच, आणि ती तर नुसती निरर्थक अक्षरं होती, तुम्ही माणसांच्या गोष्टी वाचताय.

माझंच सांगते, फार पूर्वी वाचलेल्या एका कादंबरीतलं माझ्याकडे आता फक्त एवढंच उरलंय की एक म्हातारा रात्री दाराची कडी लावतो, दोन पावलं जातो, परत येतो, कडी हाताने चाचपतो, आणि हे तो तीनदा करतो. शेवट काय होता, तो कोणाचा कोण होता, काही आठवत नाही. पण घरातलं एखादं वयस्कर माणूस गॅस बंद केलाय ना हे चौथ्यांदा विचारतं तेव्हा मला चिडायला होत नाही, तो म्हातारा डोळ्यासमोर येतो आणि मी उठून परत एकदा गॅस बघून येते. आता हा उपयोग नवऱ्याला दोन वाक्यांत कसा सांगणार, नाही सांगता येत, पण तो आहे.

तरीही थोडं जास्त राहावं असं वाटत असेल तर पुस्तक संपल्या संपल्या दुसरं उघडू नका. एक दिवस मध्ये जाऊ द्या आणि मग पुस्तक न बघता, मोबाईलच्या नोट्समध्ये का होईना, जे आठवतंय ते लिहा. कथानक लिहू नका, काय टोचलं ते लिहा. आणि आवडलेलं पुस्तक परत वाचा, बिनधास्त वाचा, एवढी नवीन पडलीयत मग जुनं कशाला ही टोचणी मनातून काढून टाका.

पुस्तकावरून सिनेमा काढतात आणि सगळं बदलून टाकतात, बघताना इतका राग येतो की अर्ध्यातून उठावंसं वाटतं. लेखकाने जे लिहिलंय तेच दाखवायला काय जातं यांचं?

राग मला कळतो कारण पुस्तक वाचताना तुम्ही एक सिनेमा डोक्यात आधीच बनवलेला असतो, आणि त्यातली माणसं, घर, उजेड सगळं तुमचं असतं. पण जे लिहिलंय तेच दाखवणं शक्यच नसतं. 'तिला वाटलं की आता हे घर आपलं राहिलं नाही' हे वाक्य लिहायला एक ओळ पुरते, पण कॅमेऱ्याला 'वाटलं' दिसत नाही, त्याला रिकामी खुंटी दाखवावी लागते नाहीतर ती दारात उभी राहून चप्पल आत काढू की बाहेर असा विचार करते ते दाखवावं लागतं. म्हणून बदल झाला की नाही हा प्रश्नच मला बरोबर वाटत नाही, बदलाने गोष्टीच्या गाभ्याला हात लागला का ते बघायचं.

'पथेर पांचाली' घ्या. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची कादंबरी १९२९ ला पुस्तक म्हणून आली आणि सत्यजित राय यांचा सिनेमा १९५५ चा. कादंबरीत दुर्गाला मरेपर्यंत रेल्वेगाडी बघायला मिळत नाही, आजारी असताना ती अपूला म्हणते की बरी झाले की मला गाडी दाखवशील का. वाचताना तिथे घशात येतं. सिनेमात मात्र दोघं भावंडं काशफुलांच्या माळावरून गाडीकडे धावत सुटतात. कादंबरीतली म्हातारी इंदिर अपू तान्हा असतानाच मरते, रायनी तिला बरंच पुढपर्यंत जिवंत ठेवलंय. एवढे मोठे बदल, आणि तरी सिनेमा बघून झाल्यावर कादंबरीशी बेइमानी झाली असं वाटत नाही, कारण गरिबीत वाढणाऱ्या पोरांची जगाबद्दलची जी ओढ आहे ती दोन्हीकडे तेवढीच आहे. आणि तो फुलांचा सीन १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये थोडा शूट करून आठवड्याने परत गेले तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली! मग काय, पुढच्या वर्षी फुलं येईपर्यंत थांबले. एका सीनसाठी जो माणूस वर्षभर फुलांची वाट बघतो त्याने पुस्तकात बदल केला तर मी आधी तो बदल का केला असेल हे शोधते, राग नंतर.

उलट जिथे बदल फक्त सोयीसाठी केलेला असतो, शेवट गोड केला की लोक खुश होतील म्हणून, तिथे तुमचा राग अगदी रास्त आहे आणि तो सोडू नका.

आधी काय, पुस्तक की सिनेमा, हे पण बऱ्याच जणांनी विचारलंय. माझं मत आधी पुस्तक. सिनेमा आधी बघितला की नटाचा चेहरा पानापानावर येऊन बसतो आणि मग तो काही केल्या हलत नाही.

आवडत नसलेलं पुस्तक पूर्ण करावं का?

नाही. पन्नास-साठ पानं मनापासून वाचा आणि नाही जमलं तर ठेवून द्या. पण देऊन टाकू नका लगेच, काही पुस्तकं आपल्या वयाची वाट बघत असतात.

मला लिहायचंय. पण नोकरी, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, रात्री टेबलाशी बसते तर डोळे मिटतात. लेखक लोक पहाटे उठून तीन तास लिहितात असं वाचते आणि मग वाटतं आपल्याला हे जमणारच नाही.

तुमचं पत्र मी परत परत वाचलं. त्यात सासूबाई औषधाची गोळी जिभेखाली ठेवून नंतर उशीखाली लपवतात असं तुम्ही सहज लिहून गेलायत, आणि म्हणताय की लिहायला वेळ नाही, अहो ते वाक्य म्हणजे कथेची सुरुवात आहे.

लिहिणं म्हणजे टेबल, निवांतपणा, बंद दार हे चित्र ज्यांच्या घरची कामं दुसरं कोणीतरी करत होतं त्यांच्याकडून आलंय. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर दळताना, शेतात काम करताना त्यांना ओव्या सुचत गेल्या आणि मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी त्यातलं जे जमेल ते उतरवून घेतलं. १९५१ मध्ये त्या गेल्या, कवितांचं पुस्तक १९५२ ला आलं, अत्रे यांच्या प्रस्तावनेसह. हे मी तुम्हाला 'बघा त्यांना जमलं मग तुम्हाला का नाही' असं टोचायला सांगत नाहीये, उतरवून घेणारं कोणी नसतं तर ते सगळं हवेत गेलं असतं आणि किती बायकांचं गेलं असेल याचा विचार केला तरी जीव कासावीस होतो. मी एवढंच म्हणतेय की सुचायला मोकळा वेळ लागत नाही, हात कामात असतानाच सुचतं. लागतं ते टिपून ठेवणारं काहीतरी. तुमच्याकडे मोबाईल आहे, त्यात बोलून ठेवा, भांडी घासताना, दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना, अर्धवट वाक्य असलं तरी चालेल. आठवड्यातून एकदा अर्धा तास घरच्यांकडून मागून घ्या, हो, मागून घ्या, उरला तर घेईन म्हणू नका कारण तो उरत नाही, आणि त्या अर्ध्या तासात फक्त ते ऐकून कागदावर घ्या. तीन तासवाल्यांशी तुलना आजपासून बंद.

मी कॉलेजला आहे. शॉर्टफिल्म बनवायचीय पण जे सुचतं ते आधीच कोणीतरी केलेलं असतं. ओरिजनल कसं सुचतं?

तू विषय शोधतोयस म्हणून अडलायस. विषय सगळे झालेत, प्रेम झालंय, मृत्यू झालाय, बाप-मुलगा तर कितीदा झालेत. बघणं मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते तुझ्यासारखं अजून कोणी केलेलं नाही.

फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा हे तुला माहितीच असेल, पण त्याच्या आधी, १९१२ मध्ये, पैसे लावणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी काय शूट केलं माहितीये का, कुंडीतला वाटाणा. रोप उगवताना ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घ्यायची, महिन्याहून जास्त दिवस हे चाललं होतं. मग पडद्यावर बघताना अंकुर भराभर वर येतो. हीरो नाही, गोष्ट नाही, विषय तर रोज सगळ्यांच्या समोर असलेला. नवीन काय होतं तर एका जागेवर ठाण मांडून बघत राहणं, आणि वाढ डोळ्याला दिसेल असं काहीतरी करणं.

तर तू असं कर. घरातलं एक माणूस निवड आणि ते रोज जे एक काम करतं तेवढंच आठवडाभर बघ, शूट करू नकोस, नुसतं बघ. बाबा ऑफिसमधून आले की बूट काढताना बोलतात का गप्प असतात, लेस सोडतात की तशीच टाच दाबून काढतात, ज्या दिवशी दमलेत त्या दिवशी काय वेगळं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी तुला असं काहीतरी दिसेल जे आजवर दिसलंच नव्हतं. तिथे कॅमेरा लाव. डायलॉग शक्यतो नकोच, म्युझिक पण शेवटी, आणि पाच मिनिटांच्या वर जाऊ नकोस.

झालं की मला पाठव, पण पहिला कट नको, मित्रांना दाखवून त्यांनी कुठे मोबाईल हातात घेतला ते बघून केलेला दुसरा कट पाठव.