उजव्या कुशीला कान लाव

घोडबंदरच्या तबेल्यात नवीन आला आहेस, तर घोड्याचं मोठं आतडं त्याच्या पोटावरच बोटाने गिरवून शीक. सुरुवात उजव्या कुशीतून. तिथे सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याचा पहिला भाग: साधारण 1 मीटर लांब, 25 ते 30 लिटरची पिशवी, टोक छातीकडे. स्टेथोस्कोप लावलास तर अधूनमधून लांब गडगड ऐकू येते; ती थांबली तर काळजीचं.

पुढे मोठा कोलन, म्हणजे मोठ्या आतड्याची जाड नळी, 3 ते 4 मीटर, दुहेरी नालासारखा: उजवा खालचा, डावा खालचा, मग कमरेपाशी वळून डावा वरचा, उजवा वरचा. हा क्रम तोंडपाठच हवा. कारण कमरेच्या वळणावर नळी एकदम अरुंद होते. पाणी कमी पडलं, किंवा दात खराब असल्याने कडबा नीट चावला गेला नाही, की चोथा तिथेच अडतो. डावा भाग पोटाच्या भिंतीला बांधलेला नसतो. वायू भरला की सरकतो, पीळही पडतो.

लीदीचे गोळे त्यापुढच्या लहान कोलनमध्ये बनतात. ते बारीक, कोरडे, वर चिकट पापुद्रा असलेले दिसले तर डॉक्टरांना लगेच बोलव. पावसाळा संपताना हिरव्या चाऱ्यावरून कडब्यावर 7 ते 10 दिवसांत हळूहळू आण. आतड्यात चारा पचवणाऱ्या सूक्ष्मजंतूंना तेवढा वेळ लागतोच.