मागचा कॅमेरा स्वतः बदलावा का?

प्रश्न : माझ्या मोटारीला सहा वर्षे झाली असून वॉरंटी संपली आहे. रिव्हर्स गिअर टाकल्यावर स्क्रीनवर कधी चित्र येते, तर कधी ती काळीच राहते. सर्व्हिस सेंटरने कॅमेऱ्याचा संपूर्ण संच बदलण्यास सांगितले आहे आणि त्याचा खर्च बाजारात सुट्या मिळणाऱ्या कॅमेऱ्याच्या आठपट आहे. गाडी आणखी चार वर्षे वापरायची आहे. सुटा कॅमेरा स्वतः बसवून पैसे वाचवावेत का?

उत्तर : आठपट हा आकडा डोळ्यांत भरणारा आहे खरा, पण मला आपले ‘कधी चित्र येते, तर कधी येत नाही’ हे शब्द अधिक महत्त्वाचे वाटतात. असा येऊन-जाऊन असणारा बिघाड पुष्कळदा कॅमेऱ्यात नसून वायरमध्ये असतो. कॅमेरा डिकीच्या दारावर असेल, तर त्याची वायर बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जाते आणि दार उघडताना दरवेळी वाकते. वर्षानुवर्षे असे झाले की बाहेरचे आवरण शाबूत राहून आतली तांब्याची तार तुटते. म्हणून इंजिन बंद, इग्निशन चालू आणि हँडब्रेक ओढलेला ठेवून कोणालातरी रिव्हर्स गिअर टाकायला सांगावे, आणि आपण ते दार हळूहळू वरखाली करावे. दाराबरोबर चित्र येऊ-जाऊ लागले, तर संशय वायरवर घ्यावा. ती जोडून काम भागले, तर कोणताच कॅमेरा घ्यावा लागणार नाही.

कॅमेराच गेला आहे असे ठरले, तर मग हिशेब मांडू. सुट्या कॅमेऱ्याची किंमत एक भाग धरली, तर अडॅप्टर, कनेक्टर व किरकोळ सामान यांसाठी मी आणखी एक भाग धरतो. प्रयत्न यशस्वी झाला तर खर्च दोन भाग. फसला तर ते दोन आणि सर्व्हिस सेंटरचे आठ मिळून दहा. म्हणजे यशाची शक्यता चारांत एकाहून अधिक असेल, तर निव्वळ पैशांच्या दृष्टीने प्रयत्न करणे योग्य ठरते. चार वर्षांत सुटा कॅमेरा पुन्हा एकदा बदलावा लागेल असे गृहीत धरले, तरी ही मर्यादा सातांत दोनपर्यंतच चढते.

मात्र हा सगळा हिशेब एका अटीवर उभा आहे : प्रयत्न फसला तरी ते आठ भाग आठच राहिले पाहिजेत. गाडीचे मूळ वायरिंग कापले, की ही खात्री उरत नाही. त्यामुळे आपल्या मॉडेलसाठी तयार अडॅप्टर मिळत असेल तरच पुढे जावे. काही गाड्यांचा मूळ कॅमेरा 12 ऐवजी सुमारे 6 व्होल्टवर चालतो. स्क्रीनला लागणारा सिग्नलही कुठे ‘एनटीएससी’, कुठे ‘पाल’ (व्हिडिओ सिग्नलच्या या दोन जुन्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धती), तर नव्या गाड्यांत डिजिटल असतो. हे जुळले नाही, तर उत्तम कॅमेराही चित्र देणार नाही. आपल्या गाडीत चारही बाजूंचे दृश्य एकत्र दाखवणारी किंवा स्वतःहून ब्रेक लावणारी यंत्रणा या कॅमेऱ्याशी जोडलेली असेल, तर मी स्पष्ट ‘नको’ म्हणेन.

कॅमेरा निवडताना सर्वांत स्वस्त घेऊ नये. किमान आयपी 67 दर्जाचा घ्यावा, म्हणजे धूळ आत जात नाही आणि 1 मीटर पाण्यात 30 मिनिटे राहिला तरी टिकतो. विमा पॉलिसीतील विद्युत फेरबदलांविषयीची अट वाचून घ्यावी. वायरलेस संचाने श्रम वाचतात, पण सिग्नलमध्ये व्यत्यय येऊ शकतो, म्हणून मी वायरचाच सुचवेन. अमेरिकेत मे 2018 पासून नव्या हलक्या वाहनांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे आणि रिव्हर्स गिअर टाकल्यापासून 2 सेकंदांत चित्र दिसले पाहिजे असा तिथला नियम आहे, कारण गाडीमागे उभे असलेले लहान मूल आरशात दिसत नाही. आपणही बसवलेल्या कॅमेऱ्याला हीच कसोटी लावावी.

या कामाला अर्धा दिवस द्यावा. तेवढ्या वेळात दिवसा, रात्री आणि काच धुतल्यावरही स्थिर चित्र मिळेल असे दिसले नाही, तर मूळ जोडणी पूर्ववत करून गाडी सर्व्हिस सेंटरला द्यावी. त्यासाठीचे आठ भाग आजच बाजूला काढून ठेवावेत.