गांजा कायदेशीर करावा का? : वाचकांचे प्रश्न, मानसोपचारतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : माझा मुलगा 20 वर्षांचा आहे. आमच्या घरी या विषयावर सारखे खटके उडतात. त्याचं म्हणणं असं, की दारूने माणसं मरतात, सिगारेटने मरतात, तरी दोन्ही उघड विकल्या जातात. मग गांजा ओढणाऱ्यालाच तुरुंग का? कॅनडा, जर्मनीने परवानगी दिली ती काय उगाच? मला ठामपणे ‘नाही’ म्हणायचं असतं, पण कारण सांगता येत नाही. तुमचं मत काय?

उत्तर : दारूचा मुद्दा खोडून काढायच्या भानगडीत पडू नका, कारण तो खरा आहे. दारू अति झाली तर श्वास बंद पडून माणूस दगावतो. गांजाने तसं सहसा होत नाही. पण दारू जास्त घातक आहे म्हणून गांजाही दुकानात मांडावा, हे त्यातून कुठे निघतं? दारूचा आणि तंबाखूचा बाजार एकदा मोकळा सोडला, आता तो कुठल्याच सरकारला आवरत नाही. मला तरी त्या उदाहरणातून सावधगिरीच शिकावीशी वाटते.

व्यसनमुक्तीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. माझं मत असं : ओढणाऱ्याला तुरुंगात टाकू नये, आणि विकणाऱ्याला मोकळं रान देऊ नये. वाद घालताना लोक हे दोन्ही एकत्र कालवतात आणि मग कोणाचंच कोणाला पटत नाही.

एक तरुण माझ्याकडे आला होता. झोप उडालेली, छातीत धडधड. नोकरीचा अर्ज त्याने माझ्यासमोर टेबलावर ठेवला. सगळे रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले, फक्त ‘आपल्याविरुद्ध कधी गुन्हा नोंदवला गेला आहे का?’ या प्रश्नापुढे पेन टेकवून टेकवून निळा डाग पडला होता. कॉलेजात असताना खिशात सापडलेली एक पुडी, एवढंच प्रकरण. गांजा त्याने केव्हाच सोडला होता. त्याच्या आयुष्याचं जास्त नुकसान कशाने केलं, गांजाने की त्या नोंदीने, हे मला वेगळं सांगायला नको. शिवाय अशा कायद्याचा बडगा सगळ्यांवर सारखा पडत नाही. अमेरिकेत गोरे आणि कृष्णवर्णीय साधारण सारख्याच प्रमाणात गांजा ओढत असूनही 2010 मध्ये तो जवळ बाळगल्याबद्दल कृष्णवर्णीयांना अटक होण्याचं प्रमाण पावणेचारपटीच्या आसपास होतं. पोर्तुगालने 2001 मध्ये वेगळी वाट धरली. तिथे सगळीच अमली द्रव्यं आजही बेकायदा आहेत, पण स्वतःपुरता साठा सापडला तर माणूस फौजदारी कोर्टात जात नाही. त्याला एका समितीपुढे बसवतात आणि गरज असेल तर उपचाराकडे वळवतात. हे धोरण मला मनापासून पटतं.

आता विक्रीचं. इथे मात्र मी तुमच्या मुलाशी भांडेन. गांजातल्या नशेच्या घटकाला टीएचसी म्हणतात. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात त्याचं प्रमाण 1995 मध्ये सुमारे 4 टक्के होतं, 2014 पर्यंत ते 12 टक्क्यांच्या घरात गेलं. व्हेपसाठीचे, म्हणजे ई-सिगारेटसारख्या यंत्रातून ओढायचे अर्क तर याच्या कितीतरी पट कडक असतात. युरोपातल्या काही शहरांत आणि ब्राझीलमध्ये झालेला एक मोठा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 10 टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसी असलेला गांजा रोज ओढणाऱ्यांमध्ये मनोविकृतीचा, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा, झटका येण्याची शक्यता, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, जवळजवळ पाचपट आढळली. ओढणारा प्रत्येक जण आजारी पडतो असं नाही, बहुतेक जण पडत नाहीत. पण ज्यांच्या घराण्यात स्किझोफ्रेनिया आहे, ज्यांनी पंधरा-सोळाव्या वर्षी सुरुवात केली, त्यांच्या बाबतीत मला धडकी भरते. घरातले सगळे स्विचबोर्ड स्क्रू काढून उघडणारा आणि आत लपवलेला माइक शोधणारा मुलगा मी पाहिला आहे. त्याची आई हातात स्क्रू गोळा करत त्याच्यामागे फिरत होती.

नफ्यावर चालणाऱ्या बाजाराला रोज ओढणारा गिऱ्हाईक लागतो आणि त्याला दिवसेंदिवस कडक माल लागतो. म्हणून कायदा कोणत्या पद्धतीचा, हे फार महत्त्वाचं. उरुग्वेने 2013 मध्ये कायदा केला तोच मुळात जाहिरातबंदीसह : नोंदणी सक्तीची, आणि घरची रोपं, मिळून गांजा पिकवणाऱ्या सभासदांचा क्लब किंवा औषधाचं दुकान यांपैकी एकच मार्ग निवडायचा. दुकानातून महिन्याला 40 ग्रॅमची मर्यादा. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढांना 25 ग्रॅम जवळ बाळगता येतो, पण 21 वर्षांखालच्यांना क्लबमधून मिळणाऱ्या मालात टीएचसी 10 टक्क्यांच्या वर चालत नाही. कॅनडाने 2018 मध्ये विक्री खुली केली, पण पाकिटं साधी ठेवली आणि खायच्या पदार्थांच्या एका पाकिटात 10 मिलिग्रॅमच टीएचसी राहील असं बंधन घातलं. ते योग्यच, कारण खाल्लेला गांजा चढायला दोन तासही लागतात आणि तेवढ्यात ‘काहीच होत नाही’ म्हणून माणूस आणखी खातो. उलट थायलंडने 2022 मध्ये नियम पुरेसे तयार नसताना बंदी उठवली, गल्लोगल्ली दुकानं निघाली आणि 2025 मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची सक्ती आणावी लागली.

तेव्हा मुलाला विचारा, तुला यांपैकी कोणता कायदा हवा? वाद निदान पुढे सरकेल.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मात्र नाही. तो स्वतः ओढतो का? हे त्याला विचारलं आहे का? उलटतपासणी न घेता, जवळ बसून विचारा. झोपेचं चक्र उलटलंय का, मित्र तुटलेत का, उगाच संशय घेतो का, हे बघा. घराण्यात कुणाला गंभीर मानसिक आजार झाला असेल तर तो लपवू नका, त्याला सांगा. ते कळणं त्याचा हक्क आहे. आणि आज जिथे राहता तिथला कायदा आज लागू आहे, हेही त्याच्या कानावर घाला.

प्रश्न : आईचे गुडघे फार दुखतात. गांजापासून काढलेलं सीबीडी तेल ऑनलाइन मिळतं, नशा येत नाही म्हणतात. द्यावं का?

उत्तर : स्वतःच्या मनाने देऊ नका. सीबीडीचा उपयोग भक्कम पुराव्यानिशी सिद्ध झाला आहे तो लहान वयात सुरू होणाऱ्या काही दुर्मीळ, हट्टी अपस्मारांत, म्हणजे फिट येण्याच्या आजारांत. अमेरिकेत 2018 मध्ये त्यासाठी औषधाला मान्यता मिळाली. गुडघेदुखीसाठी तसा पुरावा नाही. ऑनलाइन मालावर भरवसाही ठेवता येत नाही : अमेरिकेतल्या एका तपासणीत अशा 84 उत्पादनांपैकी जेमतेम 26 वर लिहिलेलं प्रमाण बरोबर निघालं आणि 18 मध्ये टीएचसी सापडलं. आई रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असतील तर जास्तच जपा. सीबीडीमुळे वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या आणि आधी गुडघ्यांचं निदान पक्कं करून घ्या.