परी म्हणावं की आसरा?

प्रश्न असा आला आहे: शिवकाळातल्या कोकणात एका तांडेलाची, म्हणजे गलबताच्या प्रमुखाची, आणि अद्भुत लोकातल्या स्त्रीची गोड, निवांत प्रेमकथा लिहायची आहे. इंग्रजी कथांतल्या 'फे' (fae) म्हणजे अशा अद्भुत लोकांसाठी 'परी' चालेल का?

माझ्या मते 'आसरा' घ्या, म्हणजे पाण्याकाठची जलदेवता.

'परी' फारसीतून आलेली. शिवकाळात फारसी शब्द वापरात भरपूर होते, त्यामुळे काळाची अडचण नाही. अडचण गावाची आहे. रत्नागिरीकडे 'पऱ्या' म्हणजे ओढा. "पऱ्या नाचू लागल्या" असं लिहिलंत तर तिकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी पाणीच येणार!

आसरा मात्र त्याच पाण्यातली. मूळ शब्द अप्सरा. 'अप्' म्हणजे पाणी. इंद्राच्या दरबारात नाचणारी अप्सरा आपल्याला जास्त ठाऊक, पण पाण्याशी असलेलं जुनं नातं राखलं ते आसरेनेच. आमच्या आजोळी पऱ्याच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड होते, पुढ्यात हिरव्या बांगड्या. भर दुपारी तिकडे निघालो की आजी हटकायची, "आसरा असतत थंय, आरडू नको." तिच्या बोलण्यात भीती होती, पण शेजारणीबद्दल असावा तसा आदरही होता. तुमच्या कथेला हाच सूर हवा. माणूस आणि अप्सरा यांची प्रेमकथा तर ऋग्वेदाइतकी जुनी आहे: दहाव्या मंडलातलं ९५वं सूक्त म्हणजे पुरूरवा-उर्वशीचा संवाद.

आता या शब्दातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. आश्रयावरून आलेला 'आसरा' पुल्लिंगी, ही आसरा स्त्रीलिंगी. प्रथमेत दोन्ही सारखे दिसतात, विभक्ती लागली की वेगळे होतात: तो आसरा, आसऱ्याला, ती आसरा, आसरेला. "वादळात भरकटलेला तांडेल आसरेच्या आसऱ्याला आला" हे वाक्य मराठीतच जमतं. अख्खी कथा त्यात मावते.

यक्षिणीवरून आलेली 'जखीण' टाळा, ती भुतांत जमा झाली आहे. नायकच अद्भुत लोकातला करायचा असेल तर 'राखणदार', म्हणजे गाव राखणारा देव, चांगला. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा असाच; त्याला आजही भल्यामोठ्या वहाणा वाहतात, तो रात्री गावात फिरतो म्हणून. आणि त्या लोकांशी होणाऱ्या देवाणघेवाणीला 'करार' म्हणू नका. गाऱ्हाणं घाला, कौल लावा, नवस बोला.

एक सांभाळा. आसरा एकटी क्वचितच, बोलण्यात बहुधा 'साती आसरा' असंच येतं. तुमची नायिका एकटी असेल तर बाकीच्या सहा जणी कुठे आहेत, हे वाचक विचारणारच.