एलआरयू इतका चांगला आहे तर ऑपरेटिंग सिस्टीम तो जसाच्या तसा का वापरत नाही?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. पहिला वर शीर्षकात आहेच, आणि दुसरा तुम्ही खाली लिहिलाय, की फिफोमध्ये फ्रेम वाढवल्या तर पेज फॉल्ट कमी व्हायच्या ऐवजी वाढतात असं सरांनी सांगितलं, ते कसं शक्य आहे. दुसरा आधी घेतो कारण तो कागद-पेन घेऊन पाच मिनिटांत सुटतो. आधी शब्द ठरवून घेऊ: पेज म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीचा एक ठरावीक तुकडा, फ्रेम म्हणजे रॅममधली एका पेजची जागा. मागितलेलं पेज रॅममध्ये असेल तर हिट, नसेल आणि डिस्कवरून आणावं लागलं तर पेज फॉल्ट. जागा भरली की कोणतं पेज बाहेर काढायचं याचे नियम म्हणजे फिफो, एलआरयू वगैरे. एलआरयू (लीस्ट रीसेंटली यूज्ड) म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त वेळ कोणी वापरलेलं नाही ते बाहेर.

ही पेजेस या क्रमाने मागितली जातायत असं धरा: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. फिफो म्हणजे जो आधी आला तो आधी बाहेर. ३ फ्रेम देऊन करा, ९ फॉल्ट येतील. आता ४ फ्रेम द्या, १० येतात. हातानेच करून बघा, नुसतं वाचून यावर विश्वास बसत नाही, माझाही बसला नव्हता. होतं काय, की ४ फ्रेम असताना १ आणि २ ला मधे हिट मिळते, पण फिफोला त्याचं काही पडलेलंच नसतं, तो फक्त आत कधी आला एवढंच बघतो, म्हणून ५ आला की १ बाहेर, आणि लगेच पुढची मागणी १ चीच, मग २ बाहेर आणि पुढची मागणी २ ची, असं शेवटपर्यंत प्रत्येक वेळी नेमकं जे लागणार तेच एक पाऊल आधी फेकलं जातं. हे १९६९ साली आयबीएममधल्या लास्लो बेलाडी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवलं म्हणून याला बेलाडीज अ‍ॅनॉमली म्हणतात.

हाच क्रम एलआरयूला दिला तर ३ फ्रेमला १० आणि ४ फ्रेमला ८ फॉल्ट. नीट बघा, ३ फ्रेमला एलआरयू फिफोपेक्षा वाईट निघाला! म्हणजे 'एलआरयू फिफोपेक्षा चांगला' हे वाक्य नेहमी खरं नाहीये, तो बहुतेक खऱ्या प्रोग्रामवर चांगला चालतो एवढंच खरं. पण एक गोष्ट एलआरयूत नक्की आहे, ४ फ्रेममध्ये जे असतं त्यात ३ फ्रेममधलं सगळं कायम असतंच, कारण ३ फ्रेम म्हणजे सगळ्यात अलीकडे वापरलेली ३ पेजेस आणि ४ म्हणजे तीच ३ अधिक एक. त्यामुळे फ्रेम वाढवून त्याचे फॉल्ट कधीच वाढू शकत नाहीत. परीक्षेत कारण विचारलं तर हे लिहा, याला स्टॅक प्रॉपर्टी म्हणतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न. आधी एक लक्षात घ्या की सगळ्यात चांगला अल्गोरिदम कोणता हे १९६६ पासून माहीतच आहे, तोही बेलाडींचाच: जे पेज इथून पुढे सगळ्यात उशिरा लागणार आहे ते बाहेर काढा. वरच्या क्रमावर तो ३ फ्रेमला ७ आणि ४ फ्रेमला ६ फॉल्ट देतो, यापेक्षा कमी कोणालाच शक्य नाही. अडचण एवढीच की पुढे काय लागणार हे आधी कळायला हवं. ते कळत नाही म्हणून आपण मागे बघतो आणि धरून चालतो की जे आत्ता आत्ता वापरलं ते परत लागेल. एलआरयू म्हणजे हा एवढाच अंदाज आहे. आणि अंदाजच आहे तर तो अगदी तंतोतंत काढायला किती खर्च करायचा, हा खरा प्रश्न.

तंतोतंत एलआरयूचा खर्च बघा. प्रत्येक वेळी मेमरीला हात लागला की ते पेज लिस्टमध्ये सगळ्यात पुढे आणायचं. प्रोसेसर सेकंदाला कोट्यवधी वेळा मेमरीला हात लावतो, आणि लिस्टमध्ये पेज हलवायचं म्हणजे परत चार-सहा वेळा मेमरीलाच हात लावणं आलं. म्हणजे कधीतरी येणारा फॉल्ट वाचवायला प्रत्येक अ‍ॅक्सेस कित्येक पट महाग करून ठेवायचा. फॉल्ट महाग असतो हे खरंच आहे, रॅमला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट, एसएसडी असेल तरी साधारण हजार पट. पण फॉल्ट क्वचित येतो आणि अ‍ॅक्सेस सतत चालू असतो. शिवाय ऑपरेटिंग सिस्टीमला प्रत्येक अ‍ॅक्सेस दिसतही नाही, हिट झाली तर सगळं हार्डवेअरमध्येच उरकतं, कर्नलला (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) पत्ताच नसतो, त्याला फक्त फॉल्ट कळतो.

मग हार्डवेअर कर्नलला काय देतं तर एक बिट. पेज टेबलमधल्या (कोणतं पेज कुठल्या फ्रेममध्ये आहे त्याचा तक्ता) प्रत्येक नोंदीत एक अ‍ॅक्सेस्ड बिट असतो, पेज वापरलं गेलं की प्रोसेसर तो १ करून ठेवतो, कधी आणि किती वेळा ते सांगत नाही. या एका बिटावर क्लॉक अल्गोरिदम उभा आहे, एमआयटीतल्या फर्नांडो कॉर्बाटोंनी १९६८ मध्ये मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर केलेल्या प्रयोगातला. गोल टेबलावर फाईली मांडून ठेवल्यात असं समजा, कोणी फाईल उघडली की तिच्यावर खडूची एक रेघ. नवीन फाईलला जागा हवी झाली की शिपाई टेबलाभोवती निघतो, रेघ दिसली तर पुसून पुढे जातो, रेघ नसलेली पहिली फाईल मिळाली की ती उचलतो, आणि पुढच्या वेळी जिथे थांबला तिथूनच सुरू करतो. म्हणजे मधल्या एका फेरीत जिला कोणीच हात लावला नाही ती जाते. ती 'सगळ्यात' जुनी असेलच असं नाही, पण बऱ्यापैकी जुनी असते, आणि कामाला तेवढं पुरतं.

किती कमी पुरतं याचं मला आवडणारं उदाहरण रेडिसचं आहे, म्हणजे मेमरीतच माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसचं. त्यात एलआरयू पॉलिसी लावली तरी तो सगळ्या 'की' (म्हणजे नोंदींची नावं) क्रमाने लावून ठेवत नाही, काही 'की' रँडम उचलतो, डीफॉल्ट ५, आणि त्यातून जुनी काढतो. फक्त ५! लिनक्समध्येही पूर्वीपासून अ‍ॅक्टिव्ह आणि इनअ‍ॅक्टिव्ह अशा दोन लिस्ट आहेत, एकाच लांबलचक क्रमाऐवजी ढोबळ दोन गट, आणि डिसेंबर २०२२ च्या ६.१ कर्नलमध्ये मल्टी-जेन एलआरयू आला त्यात दोनाऐवजी अनेक पिढ्या आहेत, तरी मुळात गट ते गटच. पेज डर्टी आहे का हेही बघावं लागतं, म्हणजे त्यात काही लिहिलं गेलं असेल तर फेकण्याआधी डिस्कवर उतरवावं लागतं, स्वच्छ असेल तर नुसतं सोडून दिलं की झालं. पुस्तकातल्या फॉल्ट मोजायच्या तक्त्यात हा फरक कुठेच येत नाही.

पण खर्च हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं मला नोकरीत कळलं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आधीच्या एका कंपनीत आमच्या टीमने प्रॉडक्टच्या माहितीसाठी स्वतः एक कॅश (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी जागा) लिहिली होती, हॅशमॅप आणि डबली लिंक्ड लिस्ट, अगदी इंटरव्ह्यूत विचारतात तशी अचूक एलआरयू. दिवसभर छान चालायची आणि रोज सकाळी पहिला तासभर सगळं रडत चालायचं. आम्ही नेटवर्क बघितलं, डेटाबेस बघितला, सर्व्हर रात्री रीस्टार्ट होतो का ते बघितलं, काहीच नाही. शेवटी सापडलं ते असं, की रात्री एक रिपोर्ट चालायचा, तो पूर्ण कॅटलॉग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचायचा, त्याच कॅशमधून. एलआरयूच्या नजरेत रिपोर्टने एकदाच वाचलेली प्रत्येक वस्तू 'सगळ्यात अलीकडची', त्यामुळे दिवसभर हजारदा लागणारी प्रॉडक्ट्स बाहेर आणि परत कधीच न लागणारी आत. कोडमध्ये एकही बग नव्हता, एलआरयूने सांगितलेलं काम चोख केलं होतं.

मग आम्ही लिस्टचे दोन भाग केले, नवीन आलेली वस्तू खालच्या भागात, दुसऱ्यांदा मागितली तरच वरच्या भागात. सकाळचा त्रास गेला. नंतर वाचताना कळलं की हे दुखणं डेटाबेसवाल्यांना फार आधीपासून माहीत होतं. मायएसक्यूएल डेटाबेसचं इनोडीबी हे स्टोरेज इंजिन नवीन पेज लिस्टच्या डोक्यावर ठेवतच नाही, शेवटाकडून साधारण ३/८ वर ठेवतं. पोस्टग्रेस हा डेटाबेस मोठं टेबल सलग वाचताना थोड्याच बफरची (मेमरीतल्या जागांची) छोटी रिंग परत परत वापरतो म्हणजे बाकीच्या बफरला धक्का लागत नाही. आणि एआरसी म्हणून एक सुंदर अल्गोरिदम आहे, २००३ साली आयबीएममधल्या निमरॉद मेगिद्दो आणि धर्मेंद्र मोधा यांनी मांडलेला (मोधा आपल्या आयआयटी मुंबईचे). त्यात एकदा वापरलेल्यांची एक लिस्ट आणि परत वापरलेल्यांची दुसरी, आणि शिवाय नुकतीच बाहेर काढलेली पेजेस कोणती त्यांची फक्त नावं जपून ठेवतात. बाहेर काढलेलं परत मागितलं गेलं की कुठल्या लिस्टला जागा कमी पडतेय ते कळतं आणि तो स्वतःच हिश्श्यांमध्ये फेरफार करतो. झेडएफएस या फाईल सिस्टीममध्ये हेच आहे. पोस्टग्रेसनेही ८.० आवृत्तीत तो घेतला होता पण आयबीएमच्या पेटंटची भानगड नको म्हणून २००५ मध्ये लगेच काढून टाकला आणि पुढे ८.१ पासून क्लॉकच्याच वळणावर गेले.

एक गोष्ट मात्र कुठल्याच अल्गोरिदमच्या हातात नाही. चालू प्रोग्रामना खरोखर लागणारी पेजेस एकूण रॅमपेक्षा जास्त असली की काहीही फेका, ते लगेच परत लागणारच, आणि मशीन नुसतं आणणं-नेणंच करत बसतं. यालाच थ्रॅशिंग म्हणतात, पीटर डेनिंगनी वर्किंग सेटची (प्रोग्रामला त्या वेळी खरोखर लागणाऱ्या पेजेसची) कल्पना १९६८ मध्ये मांडली ती यासाठीच. लिनक्सवर व्हीएमस्टॅट (vmstat) ही कमांड चालवा, एसआय (si) आणि एसओ (so) हे स्वॅपचे दोन कॉलम सतत मोठे दिसत असतील तर अल्गोरिदम बदलायचा विचार सोडा आणि रॅम वाढवा नाहीतर एखादा प्रोग्राम बंद करा.

आणि तक्ते भरून कंटाळा आला असेल तर पायथॉनमध्ये वीस-तीस ओळींचा सिम्युलेटर लिहा, मग त्याला १, २, ३, ४, ५ हे परत परत फिरवत द्या, फ्रेम फक्त ४. एलआरयूला एकही हिट मिळणार नाही, एकही नाही, फिफोलाही नाही. मग 'सगळ्यात अलीकडे वापरलेलं काढा' असा उलटा नियम लावा, सुरुवातीचे फॉल्ट सोडले तर दर ४ पैकी ३ वेळा हिट मिळेल. करून बघा आणि आकडे वेगळे आले तर इथेच कमेंटमध्ये कोड टाका, मी बघतो.