वाचकांचे प्रश्न : चेरी काउंटीत माणसं किती आणि भांडणं कशावरून

गेल्या अंकात अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या चेरी काउंटीबद्दल (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मी ओझरतं लिहिलं होतं. नवरा तिथल्या डॉक्टरकीत आणि मी शाळेत बदली शिक्षिका, अशी आमची नऊ वर्षं व्हॅलेंटाइन नावाच्या गावात गेली. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या तीन पत्रांची उत्तरं इथे देते.

प्रश्न : ताई, तुम्ही काउंटीचं क्षेत्रफळ साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेपाच हजार लिहिली आहे. छापताना लोकसंख्येतलं एखादं शून्य गळालं का?

नाही हो, शून्य जागच्या जागी आहे. 2020च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीत 5,455 माणसं होती. त्यातली 2,633 व्हॅलेंटाइनमध्ये, म्हणजे निम्म्याच्या जवळपास एकाच गावात. उरलेली पसरलेली. कनेक्टिकट हे सबंध राज्य चेरी काउंटीच्या पोटात मावेल आणि वर थोडी जागा उरेल. नकाशावर जी बाकीची गावं दिसतात, कोडी, किलगोर, मेरिमन, वुड लेक, त्यांची वस्ती शेकड्यात किंवा त्याहूनही कमी. नेन्झेलमध्ये तर मी असताना वीसेक माणसं होती.

कारण जमिनीत आहे. हा सगळा भाग सँडहिल्सचा, म्हणजे वाळूच्या टेकड्यांचा. वाळवंट म्हणाल तर नाही, कारण टेकड्यांवर गवत आहे आणि त्या गवताच्या मुळांनीच वाळू धरून ठेवली आहे. खाली ओगलाला नावाचा प्रचंड भूजलसाठा. दोन टेकड्यांच्या मधे खोलगट जागा असली की तिथे पाणी आपसूक वर येतं आणि तळं होतं. पण वर नांगर घातला की संपलं. गवत तुटलं, वारा लागला की टेकडीला भोक पडतं. तिथले लोक त्याला ‘ब्लोआउट’ म्हणतात. आमच्या ओळखीच्या एका रँचवर, म्हणजे गाई पाळायच्या मोठ्या कुरणावर, असा खड्डा होता, त्यात जुने टायर टाकून ठेवले होते, वाळू उडू नये म्हणून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसं किती घाणेरडी, कचरा कुठे टाकतात! मालकिणीने समजावल्यावर मी गप्प बसले.

सरकारनेही एकदा इथे माणसं वसवायचा प्रयत्न केला. 1904च्या किंकेड कायद्याने पश्चिम नेब्रास्कात घरटी 640 एकर जमीन मिळायची, आणि त्या ओढीने लोक आले. नॉर्थ लूप नदीकाठी ब्राउनलीजवळ डीविटी नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वसाहतसुद्धा उभी राहिली होती, स्वतःच्या शाळांसकट. 1920च्या सुमारास काउंटीची वस्ती अकरा हजारांच्या वर गेली होती. पण ऐकायला 640 एकर खूप वाटले तरी एका गाईला वासरासह वर्षभर पोसायला इथे पंधरा-वीस एकर गवत लागतं. करा हिशोब. तीस-चाळीस गाईंवर कुणाचं घर चालणार? लोक विकून निघून गेले, शेजाऱ्याने विकत घेतलं, रँच मोठे झाले आणि माणसं कमी. आज काउंटीत मांसासाठी पाळलेल्या गाई दीड लाखाच्या वर आहेत. माणशी किती पडल्या ते तुम्हीच काढा.

जाता जाता एक सांगते. तिथल्या माणसाला ‘तुमच्या गाई किती?’ असं कधी विचारू नका. मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. समोरच्या आजोबांनी टोपी मागे सारली, हसले आणि म्हणाले, ‘कुंपणाच्या दोन्ही बाजूंना आहेत.’ घरी आल्यावर नवऱ्याने सांगितलं, की तू त्यांना बँकेत किती पैसे आहेत ते विचारलंस.

प्रश्न : सगळी काउंटी एकाच पक्षाला मतं देते म्हणता. मग तिथे राजकारण असं काही उरतंच का?

पुष्कळ उरतं, फक्त तुम्ही शोधता तिथे नसतं. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत शंभरातली ऐंशीच्या वर मतं रिपब्लिकन पक्षाला जातात, हे खरं. नेब्रास्का आपली पाच निर्वाचक मतं (अध्यक्ष निवडणारी, राज्याच्या वाट्याची मतं) एकगठ्ठा देत नाही. दोन राज्याची आणि एकेक तीन मतदारसंघांची, अशी वाटते. त्या वाटणीवरून देशभर चर्चा होते ती ओमाहा शहर ज्यात येतं त्या दुसऱ्या मतदारसंघाची. चेरी ज्यात येते तो तिसरा मतदारसंघ कुणाकडे जाणार याची कुणी पैजही लावत नाही. राज्याचं विधिमंडळ तर आणखी वेगळं. 1937पासून एकच सभागृह, 49 सदस्य, आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं.

खरं राजकारण पाहायचं असेल तर सोमवारी संध्याकाळी शाळेच्या ग्रंथालयात स्कूल बोर्डाच्या, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाच्या, बैठकीला जाऊन बसायचं. मी जायचे, कारण करमणुकीचं दुसरं साधन नव्हतं. एकदा बसचा मार्ग सात मैल वाढवायचा की नाही यावर सव्वा तास झाला. बूट शेणाने माखलेले, टोपी गुडघ्यावर ठेवलेली, असे सहा-सात गडी. आवाज कुणीही चढवत नव्हतं. एक जण उभा राहिला, म्हणाला, ‘त्या रस्त्यावर आज एक मूल आहे. त्याची बहीण परवा चार वर्षांची होईल.’ आणि खाली बसला. समोरच्याने म्हटलं, ‘त्या सात मैलांचं डिझेल माझ्या कुरणातून येतं.’

‘माझ्या कुरणातून’ हे शब्दशः खरं आहे. नेब्रास्कात शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो आणि गोळा होणाऱ्या मालमत्ता करातला निम्म्याहून जास्त भाग शाळांकडे जातो. शेतजमिनीवर कर बसतो तो साधारण बाजारभावाच्या 75 टक्के किमतीवर. जमिनीचे भाव वाढले की कर वाढतो, मग त्या वर्षी वासरांना भाव मिळो न मिळो. राज्याचं अनुदान 1990च्या सूत्राने ठरतं. ते सूत्र गरज आणि साधनं यांची वजाबाकी करतं. एवढी जमीन असलेला शाळा-जिल्हा (एका स्कूल बोर्डाच्या हाताखालचा भाग) कागदावर श्रीमंत दिसतो, म्हणून अशा बऱ्याच जिल्ह्यांच्या वाट्याला समानीकरणाचं, म्हणजे ही तूट भरून काढणारं, अनुदान येतच नव्हतं. 2023-24पासून दर विद्यार्थ्यामागे 1,500 डॉलर सरसकट देतात, तेवढाच दिलासा. पण मुलंच थोडी, तर दरडोई पैसे तरी किती होणार?

आणि या भांडणातून माणसं वर जातात. अमेरिकेच्या सिनेटमध्ये 2013पासून बसलेल्या डेब फिशर याच काउंटीतल्या रँचर. त्यांची सुरुवात इथल्या स्कूल बोर्डातून झाली. पुढे राज्याच्या विधिमंडळात 43व्या मतदारसंघातून गेल्या, त्यानंतर वॉशिंग्टन. आता त्याच 43व्या जागेवर 2024मध्ये निवडून आलेल्या टान्या स्टोरर याही आधी चेरी काउंटीच्या कमिशनर होत्या. पक्ष बदलत नाही, म्हणून माणसांवर नजर जास्त. कोण कुणाच्या ब्रँडिंगला (वासरांना डाग देऊन मालकाची खूण करायच्या कामाला) मदतीला आलं होतं, कुणाचं कुंपण पडलंय, हे सगळं मत देताना आठवतं.

पवनचक्क्यांचं एक प्रकरण आहे, त्यावरून सख्खे शेजारी एकमेकांना हात करेनासे झालेले मी पाहिले. (तिथे गाडी चालवताना समोरून कुणीही आलं, तरी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं असतं. ते बोट उचललं नाही म्हणजे बोलणं बंद.) कुणाला भाड्याचे पैसे हवे होते, कुणाला टेकडीमागे काहीही न दिसणारं आकाश. मी कोणत्या बाजूची, ते विचारू नका, मला अजून त्या गावात मैत्रिणी आहेत.

प्रश्न : माझ्या भाचीला त्या भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळते आहे. मुलं कशी असतात? ‘खेड्यातली शाळा’ म्हणजे काय समजायचं? तिची आई घाबरली आहे.

आईला सांगा, घाबरायचं असेल तर जानेवारीतल्या रस्त्याला घाबरा. मुलांना नको.

आधी थोडा इतिहास, कारण भाचीला तो पहिल्याच आठवड्यात ऐकावा लागेल. टेकड्यांमधे पूर्वी एका खोलीच्या, एका बाईंच्या शाळा होत्या. चार मुलं, सहा मुलं, कधी सगळी एकाच घरातली. त्या चालवणारे फक्त प्राथमिक शाळांचे छोटे जिल्हे होते, त्यांना ‘क्लास वन’ म्हणत. 2005मध्ये विधिमंडळाने एलबी 126 हा कायदा करून ते मोठ्या जिल्ह्यांत विलीन करायचं ठरवलं. राज्यपालांनी नकाराधिकार वापरला, तो सभागृहाने मोडून काढला. 2006च्या जूनमध्ये जिल्हे बरखास्त झाले. गंमत पुढे आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यभर सार्वमत झालं आणि लोकांनी तो कायदाच रद्द केला! पण तोवर सगळं विलीन होऊन गेलं होतं. गेलेले जिल्हे परत आले नाहीत. आम्ही गेलो तेव्हा या गोष्टीला काही वर्षं झाली होती, तरी किराणा दुकानात रांगेत उभं राहून लोक ती कालची असल्यासारखी सांगायचे. एका जुन्या शाळेत मी गवताच्या गाठी रचलेल्या पाहिल्या. फळा भिंतीवर तसाच होता.

शाळा दूर गेली की घर बदलतं. काही आया आठवडाभर गावात भाड्याची खोली घेऊन मुलांबरोबर राहतात आणि शुक्रवारी रँचवर परततात. नवरा तिथे एकटा. मुलं स्वतःच गाडी चालवत येतात. नेब्रास्कात शाळेपुरता परवाना 14 वर्षं 2 महिन्यांना मिळतो.

एक मार्च महिना मला विसरता येत नाही. पहिल्या तासाला नववीतली एक मुलगी वीस मिनिटं उशिरा आली. बाहीवर काहीतरी वाळून कडक झालेलं. माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, ‘मॅम, गाडीत एक आहे.’ मला वाटलं, धाकटा भाऊ. खिडकीतून पाहिलं तर पिकअपच्या पुढच्या सीटपाशी, खाली, हीटरच्या झोतात ओलं वासरू. पहाटे बर्फात जन्मलं, बाप दुसऱ्या गाईपाशी अडकलेला, तर हिने उचलून गाडीत टाकलं आणि शाळेला आली, कारण त्या दिवशी माझी चाचणी होती. शेतीच्या शिक्षकांनी वर्कशॉपचा कोपरा दिला. चाचणीत तिला वीसपैकी अकरा मिळाले. मी बदली शिक्षिका, गुण वाढवायचा अधिकार मला नव्हता. असता तर वाढवले असते.

कोडीचं दुकान मात्र भाचीने जरूर पाहावं. गावात किराणा मिळेना, व्हॅलेंटाइन चाळीसेक मैल लांब. तेव्हा कोडी-किलगोरच्या शाळेतल्या मुलांनी गावकऱ्यांच्या मदतीने पेंढ्याच्या गाठींच्या भिंतींचं दुकान उभं केलं आणि 2013मध्ये ते उघडलं. मालाची मागणी, गल्ला, हिशोब सगळं विद्यार्थी बघायचे. त्या शाळेचा अमेरिकन फुटबॉलसुद्धा सहा-सहा जणांचा. अकरा आणायचे कुठून?

भाचीसाठी चार गोष्टी. शाळा ऑगस्टच्या मध्यात सुरू होते, पण मेमध्ये ब्रँडिंगच्या दिवसांत अर्धा वर्ग गैरहजर असेल, तेव्हा महत्त्वाचा धडा ठेवू नये. गाडीत घोंगडी, फावडं आणि खायचं हवंच, मधल्या चाळीस मैलांत फोन लागेलच असं नाही. व्हॅलेंटाइनला रस्त्यांच्या पाट्यांवर लाल बदाम दिसतील, ते प्रेमामुळे नाहीत. गावाला नाव मिळालं ते एडवर्ड व्हॅलेंटाइन या खासदारावरून, बदाम हौसेचे. आणि कुणी नऊ वाजता बोलावलं तर आधी विचारावं, सेंट्रल की माउंटन? काउंटीच्या पूर्वेला एक वेळ, पश्चिमेला दुसरी. मेरिमनला जेवायला बोलावलं होतं तेव्हा आम्ही तासभर आधी पोचलो. यजमानीण केसांना रोलर लावून दार उघडायला आली, आणि बटाटे सोलायला तिने आम्हालाच बसवलं.