आयसीटीपी पुरस्कारासाठी पात्र कोण ठरतं, आणि नामनिर्देशन कसं तयार करावं?

प्रश्न असा आहे: वय 36, महाराष्ट्रातल्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचं अध्यापन, पीएचडी भारतात, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) जर्मनीत. इटलीतल्या त्रिएस्तेच्या आयसीटीपीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकशास्त्र केंद्राचा, तरुण शास्त्रज्ञांसाठीचा पुरस्कार मिळण्याजोगा आहे का, आणि त्यासाठी काय करावं लागतं?

कागदावर तुम्ही पात्र आहात. 1982 मध्ये सुरू झालेला हा पुरस्कार 40 च्या आतल्या, विकसनशील देशातल्या आणि तिथेच राहून काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला मिळतो. वय कोणत्या तारखेला मोजतात ते मात्र त्या वर्षीच्या सूचनेत नीट वाचा. वाढदिवस अलीकडे-पलीकडे झाल्यामुळे चांगली फाइल बाद होणं यासारखं वाईट काही नाही. सन्मानचिन्ह, प्रशस्तिपत्र आणि 3,000 युरो, म्हणजे तीन लाख रुपयांच्या आसपास, एवढं मिळतं. प्रत्येक वर्षीचा पुरस्कार एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ असतो. म्हणून जुन्या बायोडेटांमध्ये तो वेगवेगळ्या नावांनी दिसतो: जी. बास्करन यांचा 1983 चा पुरस्कार आल्फ्रेड कास्टलर यांच्या नावाचा, तर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) असलेल्या दीपक धर यांचा श्रीफर यांच्या नावाचा. पुरस्कार तोच.

‘तिथेच राहून’ ही अट बरेच जण वरवर वाचतात. खरं तर सगळं तिच्यात आहे. पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम 1951 मध्ये केंब्रिजहून लाहोरला परतले, तेव्हा त्यांच्या विषयावर बोलायला आसपास कोणी नव्हतं आणि नवी जर्नल्सही वेळेवर हाती पडत नव्हती. 1954 मध्ये त्यांना देश सोडावा लागला. संशोधन किंवा मायदेश, यातलं एकच निवडायची वेळ इतरांवर येऊ नये म्हणून त्यांनी 1964 मध्ये हे केंद्र उभं केलं. त्यामुळे भारतीय पासपोर्ट असलेला पण म्युनिकमध्ये नोकरी करणारा संशोधक कितीही चांगला असला, तरी हा पुरस्कार त्याच्यासाठी नाही. परतलेल्याला मात्र काहीच आडकाठी नाही. शिराझ मिनवाला हार्वर्ड सोडून मुंबईला टीआयएफआरमध्ये आले आणि 2010 मध्ये त्यांना हा पुरस्कार मिळाला. त्याआधी 2008 च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कृष्णविवराच्या समीकरणांतून द्रवगतीची समीकरणं काढून दाखवली होती. अशोक सेन यांना तो 1989 मध्येच मिळाला. त्यांचं सर्वांत गाजलेलं, स्ट्रिंग सिद्धांतातल्या एस-ड्युॲलिटीचं काम 1994 चं, म्हणजे नंतरचं.

आता तुमच्या फाइलबद्दल. नामनिर्देशन स्वतःच करायचं नाही, तुमचं काम जाणणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीकडून ते जाऊ द्या. पहिली चूक इथेच होते: लोक कुलगुरू किंवा विभागप्रमुखांची सही घेतात. पद मोठं, पण पत्रात ‘मेहनती, हुशार, विद्यार्थिप्रिय’ यापलीकडे काही नसतं आणि ते पत्र वाया जातं. पीएचडीच्या गाइडचं पत्रही कमकुवतच, कारण गाइड कौतुक करणारच हे निवड समितीला ठाऊक असतं. ज्यांनी तुमच्याबरोबर एकही पेपर लिहिलेला नाही, पण तुमचा निष्कर्ष स्वतःच्या कामात वापरला आहे, अशा दोघांची पत्रं मिळाली तर सोनं. अशी माणसं शोधायला तुमचा पेपर कोणी उद्धृत केला त्याची यादी काढा आणि नुसता उल्लेख कुठे आहे, खरोखर वापर कुठे आहे, हे उघडून पाहा.

पेपरांची संख्या मोजत बसू नका. पाच निवडा. प्रत्येकाखाली चार-पाच ओळी लिहा: प्रश्न काय होता, तो आधी का सुटत नव्हता, तुम्ही नेमकं काय केलं, त्यानंतर कोणी काय केलं. बहुलेखक पेपर असेल तर तुमचा वाटा स्पष्ट शब्दांत लिहा. ‘आम्ही सिम्युलेशन केलं’ चालणार नाही. कोड कोणी लिहिला, मूळ कल्पना कोणाची, हे आलं पाहिजे. पाचपैकी किमान तीन पेपर नोकरी लागल्यानंतरचे असावेत. तुमच्या बाबतीत धोका इथेच आहे: सगळं चांगलं काम जर्मनीतलं आणि परतल्यावर फक्त त्याची शेपटं, असं चित्र दिसलं तर स्वतंत्र शास्त्रज्ञ म्हणून तुमची बाजू लंगडी पडते. तसं असेल तर यंदा घाई करू नका. अजून वेळ आहे, आपल्या विद्यार्थ्यांबरोबरचा एक ठोस पेपर येऊ द्या.

कामाचा गोषवारा दोन पानांच्या वर नेऊ नका, आणि तो शेजारच्या विषयातल्या भौतिकशास्त्रज्ञाला कळला पाहिजे. आयसीटीपीत उच्च ऊर्जा आणि घनपदार्थांपासून हवामान, पृथ्वीविज्ञान आणि जीवविज्ञानातल्या गणिती पद्धतींपर्यंत विभाग आहेत. तुमचा गोषवारा तुमच्याच उपशाखेतला माणूस वाचेल असं गृहीत धरू नका. पत्रं मागताना सहा आठवडे हातात ठेवा, सोबत गोषवारा आणि पाच पेपर पाठवा. आयत्या वेळी मागितलेलं पत्र तीन ओळींचं येतं.

आणि 2019 मध्ये आयसीटीपीचे संचालक झालेले अतीश दाभोलकर गडहिंग्लजचे आहेत म्हणून ‘आपलाच माणूस, एक मेल टाकून बघू’ असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

गणिताकडे झुकणारं काम असेल तर रामानुजन पुरस्कारही पाहा. तो आयसीटीपीचाच आहे, वयोमर्यादा 45, रक्कम 15,000 डॉलर.

पुरस्कारापेक्षाही तुमच्या आत्ताच्या परिस्थितीत आयसीटीपीची असोसिएटशिप जास्त उपयोगाची वाटते. विकसनशील देशात काम करणाऱ्यांसाठी ती योजना आहे, अर्ज स्वतः करता येतो, आणि निवड झाल्यास काही वर्षांच्या मुदतीत त्रिएस्तेला जाऊन राहण्याचा, प्रवासाचा खर्च मिळतो. अध्यापनाच्या ओझ्याखाली जे काम पुढे सरकत नाही ते तिथल्या सलग आठवड्यांत सरकतं, आणि तुमच्याबरोबर न लिहिलेली पण तुमचं काम जाणणारी माणसंही तिथेच भेटतात. अर्जात मात्र ‘ग्रंथालय वापरायचं आहे’ असं लिहू नका. कोणत्या गटाबरोबर कोणता प्रश्न हाती घेणार ते लिहा.